भूक सांगणारा पट्टा

“भूक,” कुत्र्याच्या पिल्लाच्या, भुंग्याच्या गळ्यातला पट्टा पुन्हा बोलला. डॉक्टर तडवींनी त्याचा आवाज बंद केला.

“दिवसभर हेच म्हणतोय,” सुनंदाताई म्हणाल्या. “म्हणून मी दूधभात वाढवत गेले. याच्या भावाचा पट्टाही शेवटपर्यंत हेच म्हणत होता. त्याला मी उपाशी मारलं नाही हो, डॉक्टर.”

“नाहीच मारलंत.” डॉक्टरांनी पिल्लाचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. “पिल्लाला काय वाटतं ते पट्टा सांगतो, का वाटतं ते सांगत नाही. आतड्यातले जंत याचं रक्त पितायत. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजून घ्या. पूर्वी लोक हे नुसतं बघून ओळखायचे.”

“मीसुद्धा ओळखायचे,” ताई हळूच म्हणाल्या. “पट्टे यायच्या आधी.”

डॉक्टरांनी औषध पाजलं आणि पंधरा दिवसांनी द्यायचा दुसरा डोस ताईंकडे दिला. तो डोस द्यायच्या सकाळी पट्टा बोलला, “भूक.”

ताईंनी वाटी घेतली नाही. भुंग्याला खिडकीपाशी नेऊन त्यांनी आधी त्याचा ओठ वर केला. हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग परतला होता.

त्याच्या भावाचा ओठ त्यांनी एकदाही वर करून पाहिला नव्हता.