कोरी जागा

"याद राखा, फडात पाय टाकला तर!"

दादासोंनी बांधावर काठी आडवी धरली. ऊसतोडीची टोळी कोयते घेऊन जागच्या जागी थबकली. आधीच्या दोन टोळ्या म्हाताऱ्यानं अशाच हाकलून लावल्या होत्या. आता कारखान्याचा हंगाम संपत आलेला, तुरे फुटून ऊस वाळायला लागलेला. आज तोड झाली नाही, तर उभ्या पिकाचं सरपण! पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? ही लागण त्याच्या पोरानं, जयराजनं केलेली, शेवटच्या सुट्टीत. पलटणीत परत गेला आणि पोरगं दरडीखाली सापडून गेलं. म्हातारा पोराच्या उसाला चिकटून बसलाय, असं गाव म्हणायचं.

आजची टोळी बोलावली होती सुनेनं, समीक्षानं. ऊस निघाला की ती सांगलीला जाणार होती, शाळेत चित्रकलेची बाई म्हणून.

"मामा, माझं एवढं चित्र होईपर्यंत टोळी थांबेल. मग बोला काय ते," ती म्हणाली आणि रंग, पाणी घेऊन समोरच्या बांधावर मांडी घालून बसली.

जलरंगाचं काम मोठं नाजूक. चुकलं तर खोडायची सोय नाही. त्यात ऊन हे असं, कागद बघता बघता वाळायचा. तिनं एका दमात आभाळ ओढलं. ते ओलं असतानाच खाली हिरवा सोडला. हिरवा आपसूक पसरला आणि वाऱ्यानं हलणारा फड झाला. टोळीतल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. दादासोंनाही राहवेना. ते तिच्या मागं येऊन वाकले, आणि त्यांचं डोकंच फिरलं.

चित्रातल्या बांधावर माणसाएवढी जागा कोरीच सुटली होती.

"हितं माझा जयराज हुबा ऱ्हायचा. मेला म्हणून चित्रातबी न्हाई व्हय गं?"

त्यांनी काठी उगारली. टोळीचा मुकादम धावला. समीक्षानं कुंचला खाली ठेवला नाही.

"ते तुम्ही आहात, मामा," ती म्हणाली. "पांढरा सदरा, पांढरं धोतर. जलरंगात पांढरा लावत नाहीत, त्याच्यापुरता कागद राखून ठेवतात. पहिल्या हातापासून तुम्हाला राखलंय. सांगलीच्या खोलीत हेच लावणार आहे."

दादासो त्या जागेकडं बघत राहिले. एवढा रंग वाहिला होता, पण तिथं एक थेंब शिरला नव्हता. त्यांनी काठी खाली टाकली. मग ते टोळीकडं वळून ओरडले, "बघताय काय रं? लावा कोयता!"

पहिला ऊस आडवा झाला. दादासो सुनेशेजारी मटकन बसले.

"पोरासाठी न्हाई गं अडवला," ते म्हणाले. "ऊस गेला की तूबी जाशील, म्हणून अडवला."