एका इंजिनावर

धप्प असा आवाज झाला आणि विमान डावीकडे कललं. खुशालराव डुलकीतून दचकून सरळ बसले. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं फिटरकी केली होती. यंत्राचा सूर बिघडला की त्यांना तो आधी पोटात कळायचा, मग कानात.

खिडकीशी त्यांची बायको वच्छला बसली होती. तिच्या खांद्यावरून त्यांनी बाहेर पाहिलं. इंजिनाचा तो मोठा पंखा आतापर्यंत फिरताना दिसतही नव्हता. आता तो हळू होत गेला. त्याची पाती मोजता येऊ लागली. मग ती वाऱ्याकडे धार करून वळली आणि थांबली.

"काय झालं जी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काई नाई. एक मशीन बंद केली त्यायनं."

"दुसरी हाय ना?"

"हाय."

तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. बाईचा आवाज, न घाबरलेला. डाव्या इंजिनातलं तेल उतरतंय म्हणून ते आपणच बंद केलं आहे, एका इंजिनावर विमान उडू शकतं, पंधरा मिनिटांत अमरावतीला उतरू, असं तिनं हिंदीत सांगितलं. बाई खरं बोलून राहिली, खुशालरावांना वाटलं. तेल नसताना मशीन रेटणारे फिटर त्यांनी पाहिले होते.

पण लोकांचा धीर सुटला. पुढच्या रांगेत कोणी रडायला लागलं. कोणी मोबाइल चालू करून, रेंज नसताना, पुन्हा पुन्हा एकच नंबर लावत होतं. भावना नावाची हवाईसुंदरी रांगेतून एकेकाचा पट्टा ओढून पाहत होती. "मी ओरडले की सगळ्यांनी पुढे वाकायचं. डोकं गुडघ्यांकडे. विमान थांबेपर्यंत उठायचं नाही."

खुशालराव ऐकत होते, पण त्यांचं मन मुंबईच्या दवाखान्यात होतं. काल डॉक्टरनं त्यांना एकट्याला बाहेर व्हरांड्यात बोलावलं होतं. "आता इथं ठेवून उपयोग नाही. घरी घेऊन जा. दोन महिने, फार तर अडीच." खुशालराव आत आले आणि वच्छलाबाईंना म्हणाले, "औषध बदललं. आता घरीच आराम कर म्हणते." रेल्वेत रात्रभर तिला बसवणार नाही म्हणून रागिणीनं, त्यांच्या मुलीनं, विमानाची तिकिटं काढली. ती अमरावतीला गाडी घेऊन थांबली होती.

खाली कपाशीची वावरं जवळ यायला लागली. विमान हिसके खात होतं. आणि खुशालरावांच्या मनात आलं, पडलं तर?

पडलं तर दोघंही एकदमच. तिला रोज थोडं थोडं संपताना पाहायला नको. तिच्यामागं सकाळी उठून एकट्यानं चहा मांडायला नको. छातीवर कालपासून ठेवलेला दगड कोणी अलगद उचलून घ्यावा तसं त्यांना झालं. विमानातल्या बाकी पन्नास माणसांचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही.

त्यांनी वच्छलाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"वाका! खाली वाका!" भावना ओरडली.

सगळी डोकी एकदम खाली गेली. वच्छलाबाईही पोट आवळून वाकल्या. खुशालराव तेवढे ताठ बसून राहिले.

"काका, वाका ना!"

ते वाकले नाहीत. चाकं जोरात टेकली. विमान एका बाजूला ओढलं गेलं, कोणीतरी किंचाळलं, मग कॅप्टन बाईनं ते सरळ केलं. ब्रेक करकचले. विमान थांबलं. बाहेर आगीचे बंब धावत येत होते, पण आग कुठंच नव्हती.

 मग टाळ्यांचा कडकडाट झाला. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. खुशालरावांनी डोळे मिटले. हातातोंडाशी आलेलं पीक जावं तसा त्यांचा चेहरा पडला होता.

लोक उतरले. व्हीलचेअर येईपर्यंत या दोघांना थांबायचं होतं. खुशालराव पट्टा सोडायला गेले, पण खटका उघडेना. वच्छलाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला आणि पट्टा सोडला.

"तुमी वाकले नाई," त्या म्हणाल्या.

"कंबर दुखते माही."

"खोटं नका बोलू. मी पाहून राहिली होती खालून."

 वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. खिडकीबाहेर बघत त्या बोलल्या.

"डॉक्टरनं तुमाले बाहेर नेलं, तवाच मले समजलं होतं." मग लहान लेकराला समजवावं तशा आवाजात, "माह्यामागं तुमी रागिणीपाशी राहा. मले एकटीले जाता येते."