बदकाची बरणी

चरबीला उकळी येऊ द्यायची नव्हती, म्हणून नाथाजी दुपारपासून गॅसपुढून हलला नव्हता. पातेल्यात बदकाच्या आठ तंगड्या, बदकाच्याच चरबीत पार बुडालेल्या. तळातून एखादा बुडबुडा निघायचा, वर यायला वेळ घ्यायचा आणि आवाज न करता फुटायचा. दुसरा निघेपर्यंत माणसाची एक डुलकी होऊन जाईल.

रंगूबाईची तशी होतच होती. तिची खाट नाथाजीनं सकाळीच स्वयंपाकघराच्या दारात आणून टाकली होती. डोळे मिटले की तिला वाटायचं, आपणच कुठंतरी कोमट पाण्यावर तरंगतोय. डोळे उघडले की नवऱ्याची पाठ दिसायची. लष्कराच्या मेसमध्ये सव्वीस वर्षं साहेबलोकांना रांधून घातलं ह्या गड्यानं, आणि घरी आल्यावर मात्र चहासुद्धा बायकोच्याच हातचा लागायचा. आज स्वारी कमरेला टॉवेल बांधून, साहेबांच्या ताटातला पदार्थ बायकोला करून घालायला उभी होती.

"आवं, तिखट न्हाई, हळद न्हाई. ह्याला काय चव येनार?"

"येती की. येळ लागतो. काल रातभर मिठात ठेवलं, आता तीन तास बारीक आगीवर. मग बरनीत घालायचं, वरनं चरबी वतायची. म्हयनाभर मुरलं की मग चव."

महिना हा शब्द तोंडातून निघून गेला आणि त्यानं उगाच गॅसची चावी चाचपली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी परवा पंधरा दिवस सांगितले होते. दाराआड, हळू आवाजात, एकट्या नाथाजीला. पण रंगूबाईला कोण फसवणार? रहिमतपूरला परत येताना भरल्या एस्टीत त्यानं तिचा हात धरला होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, चारचौघांत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. तिला तेवढ्यावरनं सगळं कळलं.

ऊन खाटेवरून भिंतीवर चढलं. घरभर लसणाचा आणि तमालपत्राचा मंद वास झाला. रंगूबाई झोपेत जात होती, त्या वासानं परत येत होती. तीन तास भरले तसा नाथाजीनं गॅस बंद केला. गावात बदकं पाळणाऱ्या धुळाकडून चार बदकं आणली तेव्हा कुठं एवढी चरबी निघाली होती. बाकीचं मांस भावकीत वाटून टाकलं होतं.

धुऊन वाळवलेली बरणी ओट्यावर तयार होती. नाथाजीनं तिच्याकडं बघितलं आणि ताटली घेतली. तीत एक तंगडी ठेवली, बाजूला भाकरीचा चतकोर ठेवला आणि तो खाटेवर येऊन बसला.

"घे. खाऊन बघ."

"आन् मुरायचं?"

"ऱ्हाऊ दे मुरायचं. असं बी ग्वाड लागतं."

उभ्या जन्मात ह्या माणसानं एक पदार्थ अर्ध्यावर वाढला नसेल. रंगूबाईला त्याची लय दया आली. मग रागही आला.

"मला अर्धंकच्चं नगं," ती म्हणाली. "बरनी आना हिकडं. आन् पातेलं बी आना."

त्यानं दोन्ही आणून खाटेवर ठेवलं. तिला उशीला टेकवून बसवलं. तिनं तंगड्या एकेक करून बरणीत लावल्या, ताटलीतलीसुद्धा. चरबी निवली होती, पण अजून पातळ होती. ती गाळून तिनं पळीनं ओतायला घेतली. नाथाजीनं खालून आधार द्यायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

एक हाड वर डोकावत होतं. तिनं आणखी एक पळी ओतली. तेही बुडालं.

मग तिनं लोणच्याला बांधतात तसा बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधला, दोरीला दोन गाठी मारल्या आणि दातानं त्या आवळल्या. तेवढ्यानंच ती दमली. बरणी पोटाशी धरून बराच वेळ डोळे मिटून बसली. नाथाजी तिच्या श्वासाकडं बघत राहिला.

"झोपलीस?"

"न्हाई," रंगूबाई डोळे न उघडता म्हणाली. "म्हयना भरूस्तवर कोन ह्याला हात लावतंय, तेच बघते मी."