टाकीवरचा धूमकेतू

आमच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी संध्याकाळी भरायची, आणि दिवे लागल्यावर खाली पाणी सोडेपर्यंत निम्मी झालेली असायची. कोणीतरी टाकीत पाइप सोडून आपले ड्रम भरून घेतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कोण, ते माहीत नव्हतं. सेक्रेटरी गोवारीकाका दर मीटिंगला त्या चोराच्या सात पिढ्या उद्धरायचे.

मला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. मला धूमकेतूचा फोटो काढायचा होता. पश्चिमेचं आभाळ फक्त टाकीजवळून मोकळं दिसतं, म्हणून हा आठवडाभर मी लवकर घरी येऊन, ट्रायपॉड लावून, तिथेच बसलेलो. फोटोत आतापर्यंत आलंय काय, तर समोरच्या टॉवरचा हॅलोजन, एक वटवाघूळ आणि बाकी नुसती धूळ.

पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई मात्र माझ्यावर जाम खूश. काल गुडघे धरत गच्चीवर आल्या, माझ्या हातावर रव्याचा लाडू ठेवला आणि कॅमेऱ्याला हात जोडले. म्हणाल्या, "विनीत, तुझा तारा गुणाचा आहे रे. तो आल्यापासून सगळ्या बिल्डिंगला पाणी पुरतंय."

आज जिन्यात गोवारीकाकांनी मला बाजूला घेतलं. आधी वर बघितलं, मग खाली बघितलं आणि हळूच विचारलं,



"हा तुझा धूमकेतू जाणार कधी रे? आमचे ड्रम कोरडे पडलेत."