गाळून दिलेलं सूप

“पोटात काय गेलं ते खरं सांगा. मी रागावत नाही,” दुर्बिणीचे डॉक्टर म्हणाले. रागावलेली माणसं हे वाक्य हटकून म्हणतात.

खाटेवरच्या सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला अजून महिनाही झाला नव्हता. नवं, लिंबाएवढं पोट आतड्याला जिथे जोडलं होतं, तिथली वाट अरुंद झाली होती आणि त्यात काहीतरी अडकलं होतं. कालपासून पाण्याचा घोटही उतरत नव्हता. आता घशातून दुर्बीण घालून अडकलेलं काढायचं, मग फुग्याने वाट रुंदावायची. नाही जमलं, तर पुन्हा पोट उघडायचं.

“फक्त सूप,” सासूबाई म्हणाल्या. “मी स्वतः गाळून देते. डब्यांच्या कपाटाला कुलूप आहे. पाहुण्यांना बिस्किटसुद्धा जिन्यात नेऊन देते.”

सुनेची स्वतःची बेकरी होती. गल्ल्यावर बसायचं, भट्टीकडे फिरकायचं नाही, या अटीवर तिला परवा तिथे सोडलं होतं.

“पाव खाल्ला,” ती भिंतीला सांगावं तशी म्हणाली. “कडेचा तुकडा. गरम होता.”

आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार, हे सुनेला ठाऊक होतं. एवढं ऑपरेशन झालं, घरदार राबलं, आणि बाईसाहेबांना जीभ आवरली नाही. ऐकून घ्यायची तिची तयारी होती. सासूबाई मात्र नुसतं तिचं पांघरूण सारखं करत राहिल्या.

“काहीतरी बोला ना, आई.”

“आता काय बोलायचं? झालं ते झालं.”

हे बोलणी खाण्यापेक्षा वाईट होतं. झोपेचं इंजेक्शन चढेपर्यंत सून “चुकलं माझं” म्हणत राहिली.

डॉक्टर बाहेर आले ते हातमोजे काढतच. वाट मोकळी झाली होती. फुगा आणखी एकदोनदा लागेल, पण पोट उघडायला नको.

“फक्त एक आहे,” ते म्हणाले. “पाव नव्हता तो. कुस्करलेला भात निघाला. चांगला गोळा झाला होता.”

सासूबाईंनी कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना नजर टाकली.

“नुसत्या पाण्यावर पोरीचे गाल बसले हो,” त्या हळूच म्हणाल्या. “तिला पावच सांगा.”