पुढची रांग

कन्नडहून आलेल्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलं आणि अनवरी आपांच्या हातातला जेवणाचा दस्तरखान अर्धाच उलगडलेला राहिला.

"शेख निजामुद्दीन. मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आमचं," बाई म्हणाली. "हे गेल्यावरची इद्दत संपली आन् घराबाहेर पयलं पाऊल टाकलं ते इथंच, आपा. जाता जाता म्हणले व्हते, माझ्या नावानं जेवण द्यायचं तर औरंगाबादला शहागंजामागं यतीम पोरींचं घर हाय, तिथंच दे. मला तर हे घर म्हाईतबी नाय. त्यांना कसं म्हाईत, अल्लाहलाच ठाऊक."

अल्लाहला ठाऊक होतं आणि अनवरी आपांना. लहानग्या लेकीला, युसराला, बोटाला धरून हाच माणूस इथं आला होता. दारात उभा राहून घाम पुसत म्हणाला होता, "दुसरं लग्न केलंय, आपा. तिकडं पोरीचं सांगितलेलं नाही. सांगीन हळूहळू." हळूहळू म्हणता म्हणता पोर खांद्याला आली. दर ईदीला बांगड्या घेऊन यायचा, खाली मान घालून जायचा. गेल्या ईदीला आला नाही, तर युसरानंच घरभर सांगून टाकलं, "उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या मोटारी लई जळतात. अब्बूला सवड कुठली!"

आता बाप गेल्याचं युसराला सांगायचं कसं? सांगायचं तर नीट, एकटीला जवळ घेऊन. असं भरल्या दस्तरखानावर, परक्या बाईसमोर नाही. आपांनी गजालाला बाजूला ओढलं. गजाला म्हणजे कॉलेज सुटलं की सवाबासाठी, पुण्य लागावं म्हणून, इथं राबायला येणारी पोरगी.

"युसराला गच्चीवर ने. दोरीवरचे कपडे काढा. मी हाक मारल्याशिवाय खाली यायचं नाही."

"जेवण सोडून, आपा?"

"सांगितलं तेवढं कर, बाई!"

हे घर आपा आणि त्यांच्या चार मैत्रिणी अल्लाहच्या भरवशावर चालवत. पगार कुणालाच नाही. लोक जेवण घेऊन यायचे ते पोरींच्या दुआसाठी. बाप नसलेल्या लेकराची दुआ थेट वर पोचते, अशी श्रद्धा. म्हणून आपांनी रीतच घालून दिली होती. दुआ मागायला पुढच्या रांगेत खऱ्या यतीम, बाप वारलेल्या. ज्यांचे बाप टाकून गेलेत, तुरुंगात आहेत, कुठंतरी पिऊन पडलेत, त्या मागं. देणाऱ्याला फसवायचं नाही म्हणजे नाही. या बाबतीत आपा भारी कडक. आणि युसरा मागच्या रांगेत अशी ऐटीत बसायची की पुढच्या पोरींनी हेवा करावा. कुणी चिडवलंच तर म्हणायची, "मला अब्बू हैत, म्हणून मी मागं."

नान-खलियाचं पातेलं उघडलं. पोरी हात धुऊन बसल्या. बाई ओढणी सावरत पुढच्या रांगेच्या कडेला टेकली. फातेहा झाली. आपा सांगायच्या आणि पोरी त्यांच्यामागं मोठ्यानं म्हणायच्या, तशी दुआ सुरू झाली.

"या अल्लाह, मरहूमांना जन्नत नसीब कर," आपा घाईनं म्हणाल्या. "चला, बिस्मिल्लाह करा."

"नाव ऱ्हायलं, आपा," बाई हळूच म्हणाली.

"अल्लाहला नाव लागत नाही, बहन."

"त्याला नसंल लागत. पण हे लई विनवून म्हणले व्हते. पोरींच्या तोंडून माझं नाव जाऊ दे म्हणले. एवढंच मागितलं त्यांनी." तिनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "माझ्याकडून तेवढं तरी व्हऊ द्या."

आपांच्या ध्यानात आलं. म्हणजे युसराला निरोप पाठवला होता तर. जिवंतपणी जे तोंडानं सांगवलं नाही, ते मेल्यावर असं, दुसऱ्याच्या हातून. त्यांना त्या माणसाचा संताप आला, आणि तेवढीच कीवही आली. त्यांनी जिन्याकडं पाहिलं. कुणी नव्हतं. समोर बाई डोळे पुसत होती; तिचा बिचारीचा काय गुन्हा? आपांनी डोळे मिटून हात वर केले.

"या अल्लाह, कन्नडचे शेख निजामुद्दीन..."

"या अल्लाह, कन्नडचे शेख निजामुद्दीन," पोरींनी खच्चून म्हटलं. पोटात भूक होती, आवाज घरभर गेला.

"यांचे गुनाह माफ कर, यांची मगफिरत कर."

"यांचे गुनाह माफ कर, यांची मगफिरत कर. आमीन!"

आपांनी डोळे उघडले. जिन्याच्या खालच्या पायरीवर युसरा उभी होती, छातीशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग. तिच्यामागून गजाला धापा टाकत आली. "ऐकेचना, आपा. भूक लागली म्हणाली..."

युसरानं कपडे पायरीवर ठेवले. मागच्या रांगेतल्या आपल्या रिकाम्या जागेपाशी आली आणि तिथंच उभी राहिली. आपा उठायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. या लेकरासमोर कुठल्या तोंडानं जायचं ते त्यांना कळेना.

"आपा," युसरा म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मग मी आता पुढं बसायचं ना?"

कन्नडच्या बाईनं मागं वळून पाहिलं, हसली, जरा सरकली आणि आपल्या शेजारची सतरंजी हातानं साफ केली.

"ये की, बेटी. लाजती कशाला? माझ्याजवळ लई जागा हाय."