उपटलेल्या खुंट्या

"परत?" तिने हेल्मेट काढून खडीच्या ढिगावर आपटलं.

"परत," मुकादम म्हणाला. "काल संध्याकाळी ठोकलेल्या सगळ्या खुंट्या गायब."

नाल्याच्या काठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एक सामाईक वाट बांधायची, एवढंच काम. उपनगराच्या एका टोकाची पोरं दुसऱ्या टोकाच्या शाळेत मोठा रस्ता न ओलांडता जाणार होती. पण रोज सकाळी आखणी नव्याने करायची, काँक्रीटची गाडी ताटकळत ठेवायची आणि वर साहेबांची बोलणी खायची, असं चाललं होतं. इंजिनीअर असूनही खुंट्या मोजत बसायची वेळ तिच्यावर आली होती.

संशय एकावरच होता. काठावरच्या घरातले एक काका दिवसभर गच्चीत दुर्बीण घेऊन बसत. पक्षी बघतो म्हणत. मजुरांनी त्यांचं नाव दुर्बीणकाका ठेवलं होतं. काम सुरू झालं त्याच दिवशी ते कुंपणावरून कडाडले होते, "सायकली सुसाट येणार आणि आम्हा म्हाताऱ्यांना आडवं करणार! माझा विरोध आहे, लिहून घ्या."

त्या संध्याकाळी जेवताना ती तणतणत होती. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा, दोघंच.

"मी काय घोडं मारलंय त्या माणसाचं?"

"आधी नीट जेव," बाबा म्हणाले. "रखवालदार आहे ना तुमचा?"

"आहे हो. पण तो उजाडलं की जातो आणि मजूर उशिरा उगवतात. तेवढ्यात डाव साधतो मेला."

"म्हातारा माणूस असेल, सोडून दे."

"सोडून काय दे? हे संपल्याशिवाय माझी सुटका नाही. पुढे मोठ्या पुलाचं काम आहे, मागेच सांगितलं होतं ना तुम्हाला, साहेबांनी माझं नाव पक्कं केलंय. लांब आहे, वर्षातून एकदा येणं झालं तर झालं. पण तिथे निदान असले नग तरी नसतील."

बाबांनी तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने लाकडाऐवजी लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या. त्याही गेल्या. तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. चिखलाच्या बुटांनिशी ती तडक दुर्बीणकाकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, खुंट्या कुठे आहेत?"

"मला काय विचारता?"

"विरोध तुमचाच होता ना?"

"होता, आणि आहे! पण तो तोंडावर केला. चोऱ्या करायचं हे वय आहे का माझं?" काका लालबुंद झाले. मग जरा थांबून म्हणाले, "रोज बघतो मी त्या माणसाला. मला वाटलं, तुमचाच कामगार. इतका बिनधास्त येतो. उद्या उजाडता या, दाखवतो."

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा फिरायला गेलेले होते. बरंच झालं. नाहीतर चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नसतं.

गच्चीत गार वारा होता. काकांनी मुकाट्याने दुर्बीण तिच्या हातात दिली. आज चोर हाती लागणार म्हणून तिचे कान तापले होते. मुकादमाला लावायचा फोन तिने तयारच ठेवला होता.

"आला बघा," काका कुजबुजले.

वाटेवर कानटोपी घातलेला एक माणूस वाकला होता. दोन्ही हातांनी तो खुंटी हलवत होता. ती निघेना. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, दम खाल्ला, पुन्हा वाकला. शेवटी निघालेली खुंटी त्याने पिशवीत टाकली आणि पुढच्या खुंटीकडे वळला. आता त्याचा चेहरा गच्चीच्या बाजूला होता.

तिने दुर्बीण खाली घेतली.

"पटली ना खात्री?" काका कठड्याशी सरसावले, तोंडाशी हातांचा कर्णा केला. "थांबा, असा ओरडतो की उभ्या जन्मात इकडे फिरकायचा नाही."

तिने त्यांचा हात धरला.

"ओरडू नका," ती म्हणाली. "बाबा दचकतात."